काविळीची माळ

गिरगाव, १२ फेब्रुवारी १९५६

चि. कमलाकांतभाऊजी,

हे पत्र तुमच्याकडे तुरुंगात पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते.

तुमच्या दादांना कावीळ झाली तेव्हा मी, बी. ए. झालेल्या बाईने, सासूबाईंना काविळीची मंतरलेली माळ घालू दिली. डोक्यावर घातलेली माळ लांबत गुडघ्यापर्यंत आली, म्हणजे कावीळ उतरली म्हणे. डोळे पिवळेच राहिले. तीन आठवडे गेले.

परळच्या डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली दाबलं.

"दुखतं?"

"मुळीच नाही," हे ऐटीत म्हणाले.

"दुखलं असतं तर बरं होतं. पित्ताचा खडा असेल म्हटलं असतं."

बेरियम पाजून फोटो काढले, तरी खात्री पोट उघडल्यावरच झाली. स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ आहे, काढता येत नाही. पित्ताला दुसरी वाट करून टाके घातले. फार तर सहा महिने.

हे म्हणाले, "कमलाला कळवू नकोस. सत्याग्रह सोडून, सुटून यायला माफी लिहून देईल गाढव."

मी थकले आहे, भाऊजी. तुम्ही इथे हवे होतात.

उद्या कार्ड टाकीन: 'दादांची कावीळ उतरते आहे.' ते खोटं नाही. पित्ताला वाट मिळाल्यापासून डोळे पांढरे होत चालले आहेत. सासूबाई श्रेय माळेला देतात. मी देऊ देते.

तुमची वहिनी,
उर्मिला