आदिम समाजातील जावयाचे स्थान

बोरखेडी, ता. अंबड
डिसेंबर १९७४

आदरणीय रामकिसनमामांना,

वसंताचा मनापासून जयभीम. पत्राच्या माथ्यावर 'तीर्थरूप' लिहिणे मी सोडले त्याला बरीच वर्षे झाली, कारण तीर्थांवर माझा विश्वास उरलेला नाही. तुमच्यावर आहे, म्हणून 'आदरणीय' लिहिले आहे. ते तीर्थरूपाहून वरचे समजावे. तुमचा गुडघा कसा आहे? थंडीत रेल्वे फाटकावरची पाळी मिळाली तर साहेबांना सांगून बदलून घ्या, त्यात कमीपणा नाही. मामींचा खोकला थांबला का? आम्ही सर्व सुखरूप आहोत. 'आम्ही' म्हणजे कोण, हेच सांगण्यासाठी आजचे पत्र आहे, म्हणून जरा टेकून बसा.

गेल्या दसऱ्याला भोकरदनला धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सभेत माझे भाषण झाले, ते तुमच्या कानावर आलेच असेल (लाउडस्पीकर असा लावला होता की तुमच्या जालन्यापर्यंत ऐकू जायला हरकत नव्हती). विषय मीच निवडला होता : मानवी समाजाचा उगम आणि विकास. मामा, हा विषय माझ्या जिवाचा आहे. आपल्या लोकांना पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले की जग असेच आहे, कोणी वर, कोणी खाली, आणि हे वरून ठरून आले आहे. म्हणून मला उभे राहून सांगावेसे वाटते की थांबा, त्याच्या आधीही माणूस होता. राजा नव्हता, भट नव्हता, पाटील नव्हता. गावकुसाच्या आत-बाहेर नव्हते, कारण गावकूसच नव्हते. विस्तवाभोवती थोडी माणसे बसत होती आणि मिळेल ते वाटून खात होती. जात ही कोणीतरी नंतर माणसांत आणून बसवली, आणि जे बसवले ते उठवता येते. हे वाक्य मी टेबलावर मूठ आपटून म्हणतो. त्या दिवशीही आपटली. अध्यक्षांच्या पुढ्यातला तांब्या कलंडला, त्यांचे नवे धोतर भिजले, तरी टाळ्या पहिल्यांदा त्यांनीच वाजवल्या.

इथपर्यंत सगळे बराबर चालले होते. पण मंडपात डाव्या बाजूला बायका बसल्या होत्या आणि त्या पेंगायला लागल्या. (दिवसभर कापूस वेचून आलेल्या, त्यांचा दोष नाही.) माझ्यात एक खोड आहे. समोर कोणी पेंगलेले मला सोसत नाही. म्हणून मी दगडी हत्यारे अर्धवट सोडली आणि बायकांकडे वळलो. म्हटले, मातांनो, जमिनीत पहिले बी कोणी पेरले? पुरुषाने नाही. तो शिकारीला गेलेला होता आणि बहुतेक वेळा हात हलवत परत येत होता. बी पेरले बाईने. घर बाईचे, धान्य बाईचे, पोरे आईच्या नावाने ओळखली जात. नवरा लग्न करून बायकोच्या घरी राहायला यायचा, आणि आळशी निघाला तर एक दिवस त्याचे अंथरूण दाराबाहेर दिसायचे. मामा, मंडप जागा झाला. टाळ्या थांबेनात. आणि टाळ्या पडल्या की माझी जीभ माझी राहत नाही. मी म्हणालो : ज्या दिवशी पुरुषाला सासूच्या घरी वळकटी घेऊन राहायला लाज वाटणार नाही, त्या दिवशी मी म्हणेन की समाज शहाणा झाला. पुन्हा मूठ आपटली. तांब्या आता रिकामाच होता.

सत्यशीला पहिल्या रांगेत बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाकरी थापत होती आणि मी चहाची वाट पाहत होतो. तिने मान वर न करता विचारले, "काल सांगितलं ते खरं हाय का?" मी म्हणालो, शंभर टक्के खरे, मोठमोठ्या विद्वानांनी लिहिले आहे. "मंग आपण कवा जायचं?" म्हणाली. मी विचारले, कुठे? तर म्हणाली, "माझ्या आईकडं."

तुम्हाला तिच्या घरची हकीकत लग्नात ऐकलेली आठवत असेल. सत्यशीला एकुलती एक. वडील नाहीत. आई चांगुणाबाई इथे बोरखेडीत एकटी. पडझडीचे दोन खणांचे घर, एक शेळी, थोडी कोरडवाहू जमीन. बाहत्तरच्या दुष्काळात त्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली, आणि त्यानंतर डोळ्यांपुढे धुके येऊ लागले. मोतीबिंदू आहे. चूल पेटवताना हात भाजतो, विहिरीवर पाय चुकतो. मी अंबडला मास्तर, तिथून बोरखेडी तीन कोस. पण सत्यशीला राहायची भोकरदनला, कारण सून सासरी असावी. म्हणजे मुलगी तिकडे, आई इकडे आणि जावई मधल्या अंबडात भाड्याच्या खोलीत पुस्तके वाचत.

मी पुष्कळ वाद घातला. म्हणालो, अगं ती आदिम अवस्था झाली, इतिहास मागे जात नसतो. ती म्हणाली, "तुम्ही तर म्हणले का त्यानं समाज शहाणा होतो. मागं जाऊन शहाणा होतो का पुढं जाऊन, एकदा काय ते ठरवून घ्या." मी म्हणालो, लोक काय म्हणतील? ती म्हणाली, "तेच लोक टाळ्या वाजवत व्हते." मामा, मराठवाड्यात माझ्या भाषणाला उत्तर द्यायला आजवर कोणी उभे राहिलेले नाही. तिने बसल्या बसल्या, तवा न उतरवता दिले. मग तिने आईला (म्हणजे माझ्या आईला) आठ दिवसांसाठी माहेरी जाते म्हणून सांगितले आणि एसटीत बसली. त्या शनिवारी मी अंबडची खोली सोडली, सायकलच्या कॅरिअरला वळकटी बांधली आणि निघालो.

वेशीजवळच्या हॉटेलात कारभारी बसला होता. हा आमच्याच वस्तीतला, बारा गावच्या बातम्या चहाबरोबर पिणारा म्हातारा. त्याने मला पाहिले, वळकटी पाहिली आणि म्हणाला, "या जावईबापू, बिस्तरा घेऊन आल्ते का? तिकडून काढून दिलं जणू." मी सायकलवरून उतरून त्याला खरे कारण नीट समजावून सांगितले, मातृसत्तेपासून सुरुवात करून. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि संध्याकाळपर्यंत गावभर झाले की मास्तरांची नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती आली की नोकरी आहे, पण बापाने घराबाहेर काढले. तिसऱ्या दिवशी ठरले की जास्त वाचल्याने डोक्यावर परिणाम झाला. या तिसऱ्या कारणावर गाव समाधानी आहे. एका भल्या माणसाने वीटभट्टीवर मुकादमाची जागा सुचवली. खरे कारण मी ज्याला त्याला सांगतो आहे, पण त्यावर बिलकुल कोणी विश्वास ठेवत नाही. नोकरीवरचा माणूस आपखुशीने सासूच्या घरी राहील, हे त्यांना माकडापासून माणूस झाला यापेक्षा अशक्य वाटते.

आता घरातले ऐका. चांगुणाबाई जुन्या वळणाच्या. जावयाशी समोरासमोर बोलायचे नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याला कामाला हात लावू द्यायचा नाही. (ही पद्धत फक्त आपली नाही, मामा. सातासमुद्रापलीकडच्या रानटी म्हणवल्या जाणाऱ्या टोळ्यांतही सासू दिसली की जावई झाडामागे लपतो, असे मी वाचले आहे. पण तिथे झाडे पुष्कळ असतात. इथे दोन खणांत आम्ही तिघे.) म्हणून त्या माझ्याशी शेळीमार्फत बोलतात. मी जेवायला बसलो की दाराकडे तोंड करून शेळीला विचारतात, "आणिक अर्धी भाकर लागंल का कुणाला?" मी शेळीला सांगतो की नको, पोट भरले. रात्री थंडी पडली की शेळीकडे चौकशी होते की पांघरूण पुरते का. शेळी शांत स्वभावाची आहे; आमच्या घरात एवढे ऐकून घेणारे दुसरे कोणी नाही. पहिल्या चार दिवसांत जावई आला म्हणून रोज गोडधोड झाले, आणि वर्षाचा गूळ संपला तेव्हा सत्यशीलेने दोघांनाही दटावले, मला आणि आईला. शेळीला नाही.

मग मी पाणी भरायला लागलो. आमच्या वस्तीच्या विहिरीवर मी पहिल्यांदा घागर घेऊन गेलो, तेव्हा बायकांनी रहाट सोडला आणि तोंडाला पदर लावून बाजूला उभ्या राहिल्या. मी त्यांना म्हणालो की आदिम समाजात श्रमाची वाटणी वेगळी होती. बोलताना दोर हातातून सुटला आणि घागर तळाला गेली. ती काढायला गळ आणला, गळही गेला. शेवटी ज्या बाईने दोन्ही काढून दिले तिने विचारले, "मास्तर, त्या वक्ताला पाणी कोण भरायचं, एवढं तरी लिवलंय का पुस्तकात?" लिहिलेले नाही, मामा. मी घरी येऊन पुन्हा तपासले. हत्यारे कोणी केली, विस्तव कोणी शोधला, सगळे आहे. पाण्यावर एक ओळ नाही. एक मात्र आहे. एका गुहेत एका म्हाताऱ्याचा जबडा सापडला, दात मरणाच्या कितीतरी आधी पडलेले. म्हणजे त्याला कोणीतरी मऊ करून भरवत होते, नाहीतर तो तेवढा जगता ना. मी हे प्रत्येक भाषणात सांगतो. माझ्या मते समाज तिथे सुरू झाला. भरवणारा कोण होता ते विद्वानांना कळलेले नाही. जावई नसावा.

गेल्या मंगळवारी शाळेतून आलो तर सत्यशीला शेतात गेली होती आणि चांगुणाबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. शेळी जवळ नव्हती. मी सायकल लावली, तेव्हा त्या पदर सावरून पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे तोंड करून बोलल्या. "मास्तर, मला दिसत न्हाई, पण ऐकू येतं. लोक हसून राह्यले तुम्हाला. पोरीला ऱ्हाऊ द्या थोडे दिवस, तुम्ही जा. माझ्यापायी तुमचं नाव खराब नका करू." मामा, माझ्यासारख्या माणसाकडे अशा वेळी चार तासांचे उत्तर तयार असायला हवे. पण शेवटी एवढेच म्हणालो, "आई, मी जात न्हाई." त्यावर त्या म्हणाल्या की तर मग घागर खांद्यावर घेताना खाली चुंबळ ठेवत जा, शर्ट फाटतो आहे. त्यांना दिसत नाही म्हणतात.

जालन्याला या महिन्याअखेर डोळ्यांचे शिबिर आहे. त्यात त्यांचे ऑपरेशन करून घ्यायचे ठरवले आहे. त्या आता नाही म्हणत नाहीत. बाकी सर्व ठीक. मामींना जयभीम.

आपला भाचा,
वसंत

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली, आणि खरे तर पत्र तिच्यासाठीच आहे. माझ्या आईला यातले काही माहीत नाही. सत्यशीला तिच्या आईच्या दुखण्यासाठी थांबली आहे आणि मी अंबडच्या खोलीत पेपर तपासतो आहे, असे तिला वाटते. आदिम समाजात बापापेक्षा मामाचा अधिकार मोठा होता, हे मी तुम्हाला मागेही सांगितले आहे. ते आता अमलात आणावे. जल्दी भोकरदनला जाऊन तुमच्या बहिणीला हे सांगा. ती जेवल्यानंतर सांगा. 'घरजावई' हा शब्द वापरू नका. मी स्वतः जाऊन सांगितले असते, पण पाच हजार लोकांपुढे बोलणे वेगळे आणि झुंबरबाईपुढे वेगळे, हे तुम्ही तिचे भाऊ असल्याने जाणताच.

ता. क. दुसरा. वरचा मजकूर रद्द समजावा. पत्र टपालात पडण्याआधीच आई आज सकाळच्या गाडीने इथे येऊन उतरली. कोणी कळवले ते कळत नाही (कारभाऱ्याचे पाहुणे भोकरदनला आहेत). मी खांद्यावर घागर घेऊन येत होतो. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले आणि सरळ आत गेली. मी बाहेर उभा राहून भाषणाची जुळवाजुळव करू लागलो, ती वायाच गेली. आत ती आधी सत्यशीलेवर चिडली. मला वाटले, आता संपले. पण ती म्हणत होती, "इहीणबाईला दोन वर्सं दिसत न्हाई आन् मला आठ दिवसाचं दुखणं सांगितलं. मी काय वाघीण व्हते का?" मग आवाज खाली गेला. ती चांगुणाबाईंना तुमच्या आईची गोष्ट सांगत होती. म्हणाली, "आमची माय एकलीच गेली, इहीणबाई. रामकिसन रेल्वेत, मी सासरी. निरोप आला तवर माती झाल्ती. मला कुणी म्हणलं न्हाई का जा, अन् मला बी मागता आलं न्हाई." मामा, ही गोष्ट तिने मला कधी सांगितली नव्हती. तुम्हीही नाही.

ता. क. तिसरा. आई चांगुणाबाईंचे ऑपरेशन होऊन पट्टी सुटेपर्यंत परत जात नाही म्हणते. शिबिराच्या दिवशी आम्ही चौघे तुमच्या क्वार्टरवर उतरू. मामींना विचारून कळवा. बाबांना ती काय सांगून आली, विचारले, तर म्हणाली, "पीठ डब्यात हाय, चूल जागच्या जागी हाय. माणूस आधी कसा ऱ्हात व्हता ते वसंता सांगतोच, तुम्ही ऱ्हाऊन बघा म्हणलं." तेव्हा मामा, सवड काढून भोकरदनला एक चक्कर मारा आणि बाबांसाठी चार भाकरी घेऊन जा. मामींनी केलेल्या चालणार नाहीत, आईने बजावले आहे. तुम्ही केलेल्या.