पाठाच्या दिवशी बाहेर बसवलेली मुलं

बाई,

आज नल्लकुंट्याच्या एका शाळेत माझ्या विद्यार्थिनीचा सराव पाठ होता. बी.एड.च्या मुलींचे पाठ बघायचं तुमचं काम आता माझ्याकडे आहे. मागच्या बाकावर बसायचं, पेनचं टोपण काढायचं आणि उद्याच्या शिक्षिका कशा शिकवतात ते बघायचं. तुम्ही गेल्यापासून शाळा बदलल्या, पण पाठाच्या दिवसाची रीत तीच आहे. पाठ छान दिसावा म्हणून वर्गशिक्षिका ‘अडचणीची’ मुलं आधीच बाहेर नेऊन बसवतात. पाहुणे येणार म्हणून घर आवरावं तसं.

आज ऐकू न येणारी एक मुलगी व्हरांड्यात आयाजवळ बसवलेली होती. माझ्या विद्यार्थिनीने विचारलं, तर वर्गशिक्षिका म्हणाल्या, “अरे मॅडम, रहने दो उसको बाहर. आपकाच लेसन खराब हो जाता.” ही माझी पोर सरळ बाहेर गेली, तिने त्या मुलीला हाताला धरून पहिल्या बाकावर आणलं आणि मगच पाठ सुरू केला. मला बरं वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही.

मला अंबरपेठची शाळा आठवत होती. माझा पहिला पाठ. काही मुलं मैदानावर पाठवली आहेत हे मला ठाऊकच नाही, आणि तुम्ही रिकाम्या बाकाकडे बघून पेनला टोपण लावता. “ती मुलं आल्याशिवाय मी पाठ बघणार नाही.” मुलं येतात, मी गडबडते, आणि तुम्ही सगळ्यांदेखत म्हणता, “त्यांच्याकडे एकदा तरी पाहिलंस का?” नंतर शाळेच्या पायरीवर तुम्ही अंबाडीची भाजी आणि भाकरी माझ्यापुढे सरकवलीत. मी रडत रडत खाल्ली.

आज पाठ संपताच मुख्याध्यापिकांनी आम्हाला बोलावलं. “हमसे पूछे बगैर बच्ची को अंदर कैसे लाए? माफी मंगवाओ इससे, नहीं तो कल से आपके लोगां नक्को.” हिचे उरलेले सगळे पाठ त्याच शाळेत होते. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं, “माफी नहीं मांगती वो. क्लास में सब बच्चे रहना, ये मैंच सिखाई.” आणि आम्ही बाहेर पडलो. आता दुसरी शाळा शोधायला हवी.

फाटकाशी ती म्हणाली, “थँक्यू मॅम. पाठ ठीक झाला ना?”

आता खोटं कसं बोलू? “मुलीला आत आणलंस, ते बरोबर केलंस. पण सगळा वेळ फळ्याकडे तोंड करून बोललीस. ती ओठ बघून समजून घेते. तासभर तुझ्या वेणीकडे बघत बसली बिचारी. गुण कमीच मिळतील.”

“मॅम, आज तरी नका ना बोलू असं,” ती म्हणाली. मी माझा जेवणाचा डबा पुढे केला. तिने घेतला नाही. समोरून बस आली, तीत चढून ती निघून गेली.

आबिड्सच्या मोठ्या पोस्टातसुद्धा तुमचा पत्ता कुणाला सापडायचा नाही, तेव्हा हे पत्र इथेच राहील. एक सांगायचं राहून गेलं होतं. त्या दिवशी मी तुमची भाकरी खाल्ली, पण तुमच्यावरचा राग काही सोडला नाही. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हाही तो होता. आज घरी येताना मनात शोधून पाहिला, तर नव्हता. त्या जागी दुसरंही काही नव्हतं. डबा समोर तसाच भरलेला आहे आणि मला भूक नाही.