कठड्याची फिर्याद कोणाच्याही नावे नाही

मी, खाली सही करणारा, वय बावन्न, धंदा चष्मे बनवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच केलेला चष्मा लावून लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लाडीगोडीही लावलेली नाही. वकिलांनी मसुदा करून दिला होता, पण त्यात माझ्या धंद्याला 'किरकोळ विक्री' म्हटले होते, म्हणून तो परत केला. डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडाकडे धरून जरा जास्तच वेळ पाहिला. मला तेवढे पुरे आहे.

१. दुकान, काचा घासण्याचे यंत्र आणि सर्व फ्रेमा पत्नीला. तिने दुकान चालवावे किंवा विकावे, फक्त नंबर तपासण्याच्या काचांची पेटी सुटी करून विकू नये. नववीत शाळा सुटल्यावर या पेटीवरच मी सगळे शिकलो. मला कोणी शिकवलेले नाही.

२. बँकेत असेल तेही पत्नीलाच. तिने आधी दात बसवून घ्यावेत. माझ्या फिर्यादीपायी ते काम सारखे पुढे ढकलले गेले.

३. फिर्याद अशी. माझा धाकटा भाऊ एक दाखला आणायला सरकारी कचेरीत गेला होता. तिसऱ्या मजल्यावर रांगेत उभा असताना कठड्याला टेकला आणि कठड्यासकट खाली गेला. कठडा आतून गंजला होता, वरून रंगवला होता. संध्याकाळपर्यंत तिथे नवा बसला, आणि अहवालात 'आत्महत्या' असे आले. कठडा बरोबर घेऊन उडी मारणारा माणूस मी तरी ऐकलेला नाही. तो शब्द खोडावा आणि कठडा ज्याच्या अखत्यारीत होता त्याचे नाव लिहावे, एवढेच मी मागत आलो. येणारा प्रत्येक साहेब 'बघतो' म्हणाला. एका साहेबांना जवळचे दिसत नव्हते, त्यांना मी नंबर काढून चष्मा करून दिला. तो लावून त्यांनी अहवाल पहिल्यापासून वाचला, काचा फार छान झाल्यात म्हणाले, आणि 'अहवाल योग्य' असा शेरा मारला. त्यांना माझ्या अंत्ययात्रेला येऊ देऊ नये. चष्मा त्यांच्याकडेच राहू द्यावा. काम चोख आहे.

४. मेव्हण्यास काहीही नाही. 'भाऊजी, सोडा ना आता,' असे तो माझ्याच घरी, माझाच चहा पीत म्हणाला होता.

५. घर पुतणीला. पत्नी हयात असेपर्यंत तिथेच राहील. पुतणी ही धाकट्याची एकुलती एक. तो गेला तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हते, आणि आई त्याआधीच गेली होती. आधी मी अट घातली होती, की घर तिचे तर फिर्यादही तिची. फिर्याद सोडली तर घरही गेले. हे मी तिला वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले,

'काका, बाबा कसे होते?'

मी म्हणालो, तिसऱ्या मजल्यावर रांगेत उभा होता.

'तसं नाही हो. ते मला पाठ आहे. घरात कसे असायचे? चिडायचे का? हसायचे कसे?'

मी तोंड उघडले, तर कठडाच बाहेर आला. गंज कुठवर चढला होता ते सांगता येईल. त्याचा आवाज आठवेना. पत्नीकडे पाहिले, तर तिनेही कठड्याचेच काढले. इतकी वर्षे या घरात त्याच्याबद्दल दुसरे बोलणेच झालेले नाही. 'असू दे काका,' म्हणून पुतणीने माझा हात धरला. ते मला आवडले नाही, तरी मी हात सोडवून घेतला नाही.

६. सबब अट रद्द. घर तिला बिनशर्त. फिर्याद कोणाच्याही नावे करत नाही. ती माझ्याबरोबर संपेल आणि कचेरीला हायसे वाटेल, हे मला कळते.

७. याखालचे अर्धे पान धाकट्याबद्दल आठवेल ते पुतणीसाठी लिहिण्यास राखले होते. पुष्कळ वाट पाहिली. मागाहून कोणी काही घुसडू नये म्हणून ती जागा रेघ मारून बंद केली आहे. ती कोरीच होती, हे साक्षीदारांनी पाहिले आहे.

स्थळ: माझे दुकान
तारीख: नऊ फेब्रुवारी, सोमवार

सही: चष्मेवाला

साक्षीदार:
१. शेजारचा शिंपी (सही)
२. त्या कचेरीतला शिपाई. निवृत्त झाला म्हणून तयार झाला (सही)