दोन पेले पाणी

पाणीगेट, बडोदे
१० मार्च २०२५

ती. वसुंधराआत्यास,
अवंतीचा प्रभूमध्ये सलाम.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. पप्पांचं डायलिसिस आता आठवड्यातून तीनदा होतं. फार थांबता येणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. मम्मीला साखर आहे, तिची किडनी चालत नाही. माझी जुळली. लेकीचं अंग कापून मी जगू का, असं पप्पा महिनाभर म्हणत राहिले. कसेबसे तयार झालेत. वीस तारखेला माझी शेवटची तपासणी, सत्तावीसला ऑपरेशन.

त्यांना दिवसाला दोनच पेले पाणी चालतं. बर्फाचा खडा चघळत बसतात. उत्तम शुक्रवारी चर्चमध्ये ख्रिस्ताच्या क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी तहानेच्या उद्गारावर बावीस वर्षं पप्पाच बोलत आले. यंदा पाळकसाहेबांनी मला बोलायला सांगितलंय. तहान ठाऊक नसताना मी काय बोलू? म्हणून राखेच्या बुधवारी उपवासाचे दिवस लागले, तेव्हापासून रोज सूर्य मावळेपर्यंत पाणी सोडलं आहे. घरी कुणाला माहीत नाही. तूही सांगू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी अवंती

नगर, १५ मार्च

चि. अवंतीस,
आत्याचे पापे आणि आशीर्वाद.

पदवीचा कागद हातात आला की तू देवाला विसरशील, असं मी तुझ्या पप्पांना चिडवलं होतं. हरले. घरातली पहिली ग्रॅज्युएट असा उपवास करते, हे वाचून डोळे भरले. सोडू नकोस. मी कुणाला सांगत नाही. मीही यंदा चहा सोडलाय. शेजारची मोहना म्हणते, त्यापेक्षा बोलणं सोडा.

तुम्हा सगळ्यांसाठी गुडघ्यांवर प्रार्थनेत असलेली,
आत्या

बडोदे, २३ मार्च

ती. आत्यास, सलाम.

तपासणीत नापास झाले. रक्तात किडनीचा आकडा चढलेला निघाला. बेन, पाणी पीत नाही का, असं डॉक्टरांनी विचारलं. आधी खोटं बोलले, मग सांगितलं. त्यांनी फाईल मिटली. महिनाभर पाणी पिऊन पुन्हा या, म्हणाले. तोवर पप्पांचं काय?

मम्मीनं ताट वाढलं आणि शेजारी पाण्याचा तांब्या आदळला. पप्पा म्हणाले, देवानंच पोरीला वाचवलं, आता हा विषय पुन्हा नको. काल त्यांच्या छातीत पाणी भरलं. झोपतातही बसूनच. मी बी.एससी. झाले, आत्या. शरीराला पाणी का लागतं, हे मी पेपरात लिहून आले होते.

ख्रिस्तानं जगासाठी प्राण दिला. मला एका माणसाला एक किडनी देता आली नाही. प्रार्थनेला बसते, शब्दच येत नाहीत. उत्तम शुक्रवारी मी बोलायला उभी राहणार नाही.

अवंती

नगर, २९ मार्च

चि. अवंतीस आशीर्वाद.

चूक तुझ्याएवढीच माझी. तीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात आया होते, किती रोग्यांना पाणी पाजलं, तरी मला सुचलं नाही. व्रत ऐकलं आणि अक्कल बाजूला ठेवून तुला शाबासकी दिली.

आता ऐक. आपलं तारण त्यानं एकदाच आणि पुरतं करून ठेवलंय, त्यात तुझ्या तहानेची भर घालायची नसते. तुझ्या बापाला तुझी किडनी हवी आहे. पाणी पी. घोटागणिक प्रार्थना होते, असं समज. आणि शुक्रवारी उभी राहा. ज्याला जमलं नाही, त्याला क्रुसाखाली सगळ्यात जवळची जागा असते.

मी चहा सुरू केला.
आत्या

बडोदे, १९ एप्रिल

ती. आत्यास, सलाम.

काल उभी राहिले. टिपण काढलं होतं, ते वाचलंच नाही. मी काय करून बसले तेवढं सांगितलं, आणि सगळं चर्च उपाशी असताना बाटली उघडून पाणी प्याले. मागे कुजबूज झाली. पप्पा पहिल्या बाकावर मान खाली घालून बसले होते.

त्यांना आता आधाराशिवाय चार पावलं चालवत नाही. सोमवारी माझी तपासणी आहे. आकडा उतरला असेल का, तोवर ते टिकतील का, काहीच माहीत नाही. आणि ऑपरेशनला ते काल संध्याकाळपर्यंत पुन्हा हो म्हणाले नव्हते. आमच्यासाठी मागत राहा.

संध्याकाळी जेवताना त्यांनी आपला दुसरा पेला उचलला. ओठांपर्यंत नेला, खाली ठेवला आणि माझ्यापुढे सरकवला. सोमवारी जायचंय ना, म्हणाले, पी.

मी सगळा प्याले.

तुझी अवंती