मंडळी आणि मंडळ

ग्लासगो,
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय श्रद्धाताई,

सप्रेम सलाम. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं असं आपल्या भावाने, कुशने, फोनवर सांगितलं. जिना उतरायची घाई करू नकोस. हे नर्स म्हणून सांगतेय. बहिणीचं तू कधी ऐकलं नाहीस. इकडे सगळं ठीक. थंडी यंदा लवकर आली. मागच्या अंगणातली सफरचंदं आंबटढाण निघाली, त्यांचा मुरांबा घातला.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर बघून दचकली असशील. बातमीच तशी आहे. आमचं देऊळ विकलं गेलं.

मी अजून देऊळच म्हणते. लग्नाआधी उदयसमोर पहिल्यांदा म्हणाले तेव्हा ते केवढे हसले होते! "चर्चला देऊळ म्हणता तुम्ही?" मी म्हटलं, आमच्या जालन्यात सगळेच म्हणतात, हसायचं काय त्यात. तुला आठवतं, बाबा म्हणायचे की आपलं देऊळ ज्या साहेबाने बांधलं तो या देशातून बोटीने आला होता? मी इथे नोकरीला आले त्या पहिल्या रविवारी, रस्त्याच्या टोकाला लाल दगडाचं चर्च दिसलं म्हणून आत शिरले. तोच पॉलिशचा आणि जुन्या गीतपुस्तकांचा वास. भिंतीवर गाण्यांचे नंबर लावायची तशीच लाकडी पाटी. कोट न काढता मी तिथे बसून रडले. मागून एका बाईने पेपरमिंटची गोळी पुढे केली. ती मार्गरेट, आमची ऑर्गन वाजवणारी. अजून आहे, नव्वदीला आली.

तेव्हा चर्चची मंडळी इतकी होती की नाताळला भिंतीला टेकून उभं राहावं लागे. मग म्हातारी माणसं एकेक करून गेली, तरुण आलेच नाहीत. शेवटी शेवटी आम्ही एका टेबलाभोवती मावत होतो. छताला गळती लागली. गेल्या वर्षी वरच्या लोकांनी चर्च बंद करायचं ठरवलं आणि दारावर विक्रीची पाटी लागली.

घ्यायला दोघं तयार होते. एका बिल्डरला तिथे फ्लॅट काढायचे होते. आणि दुसरं, आमचं मराठी मंडळ.

मंडळाचे डॉक्टर गिरीश आणि त्यांची बायको सुप्रभा माझ्याकडे आले. गिरीशनी आडवळण घेतलं नाही. "सुमनताई, राहिलेल्या मेंबरांचं मत विचारणार आहेत. तुमचा शब्द तिथे मानतात. पण तुम्हाला नको असेल तर आत्ताच सांगा, आम्ही दुसरी जागा बघतो."

"बाकं काढाल?"

"काढावी लागतील. हॉल करायचाय. मुलांची मराठी शाळा, म्हाताऱ्यांसाठी दुपारचं जेवण, गणपती."

"आणि ऑर्गन?"

सुप्रभाने मान खाली घातली. "तिथे स्टेज येईल."

मी चहा पुढे केला. ते गेल्यावर मात्र फार चिडले. त्यांच्यावर नाही, उदयवर. तीस वर्षं मंडळाचे सेक्रेटरी. दरवर्षी गणपतीला नवी शाळा शोधायची, नव्या जॅनिटरच्या विनवण्या करायच्या, गाडीच्या डिकीत पातेली आणि मखर कोंबायचं. रविवारी मला न्यायला यायचे तेव्हा माझ्या देवळाच्या छताकडे बघून म्हणायचे, "एवढी जागा आपल्या पोरांना मिळाली असती तर!" मी म्हणायचे, नजर लावू नका. आता खरंच मिळत होती, आणि भांडायला ते नव्हते.

दुसऱ्या दिवशी मार्गरेटकडे गेले. तिला सगळं सांगितलं. ऑर्गनचंही. तिने आधी माझा कप भरला. मग म्हणाली, "सुमन, फ्लॅट झाले तर आपल्याला दार उघडून आत कोण घेईल? ही तुझी माणसं निदान चहा तरी विचारतील."

मीटिंगमध्ये मी मंडळासाठी हो म्हटलं. माझ्यामागून बाकीच्यांनीही हात वर केले. मंडळी गेली, मंडळ आलं. एका वेलांटीचा फरक. उदय असते तर हा विनोद त्यांनी महिनाभर चालवला असता.

शेवटची उपासना जूनमध्ये झाली. पाळकबाईंनी मंडळालाही बोलावलं होतं. मला वाटलं दोघंचौघं येतील. आली तीसएक माणसं, बायका काठापदराच्या साड्या नेसून, आणि मागच्या बाकांवर चूप बसली. कधी उभं राहायचं, कधी बसायचं, आमच्याकडे बघून करत होती. शेवटी पाळकबाई म्हणाल्या, "सुमन, प्रभूची प्रार्थना आज तू तुझ्या भाषेत म्हण."

ताई, चाळीस वर्षांत त्या भिंतींमध्ये मी मराठी मोठ्याने उच्चारली नव्हती. पुढे जाऊन उभी राहिले. आईने आपल्याला चुलीपाशी शिकवलेली, तशीच म्हणू लागले. भाकरीची ओळ आली आणि मला सुप्रभा दिसली. डोळ्यांना पदर लावून ऐकत होती. मग क्षमेची ओळ, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' तिथे माझा आवाज फुटेना. मार्गरेटने ऑर्गनवर नुसता एक सूर धरला, तो सुटायच्या आत मी प्रार्थना पुरी केली.

नंतर चहाच्या वेळी सुप्रभाने माझा हात धरला. "ही प्रार्थना मी जन्मात कधी ऐकली नव्हती, पण शब्द न् शब्द कळला हो." आणि मार्गरेट म्हणाली, "मला शब्द एकही कळला नाही, पण तू कुठल्या ओळीवर अडलीस ते कळलं."

का अडले, ते तिला ठाऊक नाही. तुला ठाऊक आहे.

बाबांच्या मातीला उदय माझ्याबरोबर जालन्याला आले होते. खांदा द्यायला पुढे झाले तेव्हा तू चारचौघांत म्हणालीस, "ते आपल्यातले नाहीत, त्यांना मागे थांबू दे." ते मागे थांबले. परत येताना विमानात मला म्हणाले, "ताई दुःखात होत्या, सोडून दे." त्यांनी सोडलं. मी नाही सोडलं. त्यानंतर तुला पत्र लिहिलं नाही.

उदय गेले, ताई. दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, हृदयविकाराने. कुशलाही मी सांगू दिलं नाही. तुझं सांत्वनाचं पत्र मला नको होतं. क्रिमेटोरियममध्ये मंडळाची माणसं होती आणि माझी मंडळीही होती. मार्गरेटच्या पुतण्याने खांदा दिला. त्याला कोणी विचारलं नाही, तू कुणातला म्हणून.

आता बाकं गेली. ऑर्गन एका खेडेगावातल्या चर्चने नेला. त्या दिवशी मार्गरेट घराबाहेर पडली नाही. खिडक्यांच्या रंगीत काचांना मात्र मंडळाने हात लावलेला नाही. बाजूची छोटी खोली गिरीशनी आम्हाला रविवार सकाळसाठी दिली आहे. आज पहिल्यांदा तिथे जमलो. आम्ही शब्द हळू म्हणत होतो, कारण पलीकडे हॉलमध्ये मुलं बाराखडी म्हणत होती. मग मार्गरेट म्हणाली, "त्यांना काय घाबरायचं, जरा मोठ्याने म्हणा."

हे पत्र मी तिथून घरी आल्याबरोबर लिहायला घेतलं. ती ओळ दर रविवारी म्हणायची आणि पुन्हा अडायचं, हे आता या वयात झेपत नाही.

डिसेंबरात मी जालन्याला येतेय. नाताळ धरून पंधरा दिवस. बरोबर उदयचा फोटो असेल. मी जिथे झोपेन त्या खोलीत तो उघड्यावर राहील, पेटीत नाही. तुझ्याकडे उतरू की कुशकडे, तेवढं कळव. तू नाही म्हणालीस तरी मी येणार आहे, आणि तुझ्या गुडघ्याला मालीश करणार आहे.

तुझी धाकटी,
सुमन उदय सबनीस