खंडूदादा, कडी बाहेरून का लावलीस?

प्रिय खंडूदादा,

काल फर्दापूरला तुझ्या दहाव्याला येऊन गेले. वहिनींनी जे सांगितलं त्यानं जिवाला चैन नाही, म्हणून लिहायला बसले. तुझे वडील, आबा, आजारी आहेत म्हणून कॉलेज सोडतोय, असं मला सांगून गेला होतास ना? खोटं!

तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर पेटलं होतं. शहागंज बंद, एसटी बंद. आणि आपण दोघं कॉलेजच्या प्रयोगशाळेत! तू धनगराचा, मी बौद्धवाड्यातली. ध्यास एकच: कडब्यातलं मेंढराला काय पचतं आणि काय नाही. पेशीभित्तीतलं सेल्युलोज तीव्र ॲसिडमध्ये विरघळायचं, चिवट लिग्निन मागं उरायचं. मात्र वेळेवर ते पाण्यात ओतावं लागे, नाहीतर नमुना करपायचा.

त्या दुपारी ॲसिड नुकतंच घातलं होतं, तोच जिन्यावर नामांतरविरोधी घोषणा ऐकू आल्या. मी काचेच्या कांडीनं भांड्यातलं हलवत होते.

"शांते, तू हलवत ऱ्हा," म्हणालास आणि बाहेर गेलास. मग कडीचा आवाज. बाहेरून का लावलीस रे? मला विचारायचं तरी!

"आत कोण हाय?"

"माझी बहीण हाय."

"खोटं बोलतो! ती पोरगी बाहेर काढ."

"नाय काढत."

दारावर धाडकन काहीतरी आदळलं. ते तूच होतास, हे मला आत कळत होतं. मी दार बडवलं, ओरडले. पुन्हा धाडकन. शेवटी खाली पोलिसांच्या शिट्ट्या वाजल्या, पळापळ झाली.

कडी निघाली. तुझ्या कानातून रक्त गळत होतं, आणि तू विचारतोस काय? "पाण्यात ओतलंस का?"

कसलं ओतते! सगळं काळं पडलं होतं. तुझा तो कान कायमचा गेला.

वहिनी म्हणाल्या, त्याच आठवड्यात वसतिगृहातल्या तुझ्या खोलीतल्या पोरांनी तुझी वळकटी बाहेर फेकली. "तिच्याकडंच जा ऱ्हायला," म्हणाले. मला का नाही सांगितलंस? नव्या कारखान्यांच्या प्रयोगशाळांत तेव्हा नोकऱ्या निघत होत्या. तू मात्र मेंढरांमागं गेलास. मी प्राध्यापक झाले. दर दिवाळीला मी पत्र टाकायचे, तुझं उत्तर ठरलेलं, "मजेत हाय."

काल निघताना तुझ्या लेकीनं, रखमानं, हळूच विचारलं, "आत्या, भावकी म्हणते बाबा दंगलीला भिऊन पळून आले. खरं हाय का?" घर माणसांनी भरलेलं. मी नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि एसटी गाठली.

दादा, तेराव्याला पुन्हा येते. सगळी भावकी जेवायला बसलेली असेल. रखमाला शेजारी उभी करून तिथंच, मोठ्यानं, सगळं सांगेन.

तुझी बहीण,
शांता