कुणाचा रं तू

३ नोव्हेंबर १९५८, दौंड
आजपासून मी दौंडकर. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. टेबल माझं एकट्याचं, खुर्ची मात्र डुलते. मशिदीमागे सुलतानबींच्या घरात पुढची खोली मिळाली. बाई कडक, पण हाताला चव आहे. त्यांनी घराणं विचारलं. वडगाव रासाईला आमची मोठी बागायत आहे, अशी थाप मी जेवताजेवता ठोकून दिली. लगेच ताटात आणखी एक भाकरी पडली.

९ नोव्हेंबर
अब्बा न कळवता आले. खांद्यावर पिंजण, दाढीत कापूस. वाटेत कासुर्डीला कुणाची गादी पिंजून आले होते. सुलतानबींनी विचारलं, हे कोण. मी म्हणालो, आमच्या गावचा पिंजारी. अब्बांनी मान डोलावली, बाईंची एक उशी पिंजून दिली, पाणी प्यायले आणि गेले. मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

१५ नोव्हेंबर
अब्बा गेले. मातीला पोचलो. अम्मा म्हणाली, दौंडहून आले तवापास्नं गप्पच हुते, पोरगं कसं हाय इचारलं तर नुसतं हसले आन् अंथरूण धरलं. कबरीवर माती टाकताना ढसाढसा रडलो. लोक म्हणाले, पोराचा बापावर किती जीव. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२० नोव्हेंबर, गुरुवार
वडील वारल्याचं कळल्यावर सुलतानबी हळहळल्या. त्यांनीच ऊद जाळला. जुम्मेरातीला दिवेलागणीच्या वेळी गेलेलं माणूस आपल्या माणसांच्या दाराशी येतं, असं आमच्यात मानतात. त्याच्या नावानं फातेहा पढायची, दार उघडं ठेवायचं. मी पढायला बसलो, तोच बाई आत आल्या. म्हणाल्या, तो तुमच्या गावचा पिंजारी दारात उभा हाय. आत ये म्हटलं तर म्हणतो, घरच्या माणसानं वळख दिली तरच येईन.

तोंडचं पाणी पळालं. ते माझे वडील, एवढंच म्हणायचं होतं. पण मग बागायतीचं काय सांगणार होतो? मी म्हणालो, गावचा असेल, पण आमच्या घरचा नाही. मी नाही ओळखत त्याला. बाईंनी दार लोटलं.

२२ नोव्हेंबर
शेजारच्या टेबलावरच्या बबनरावांनी विचारलं, आपण कोण. आधी थट्टा वाटली. मग हजेरी झाली. माझं नाव कुणी पुकारलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
ते आले. बाईंनी पुन्हा विचारलं. हो म्हणायला तोंड उघडलं — निघालं नाहीच. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, आन् तुम्ही वो कोण, माझ्या घरात —

२८ नोव्हेंबर, वडगाव
अम्मा चुलीपुढं होती. म्हटलं, मी गनी. तिनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. ओळख नाही. चिडली असती तरी — पाणी दिलं. म्हणाली, बस बाबा. कुणाचा रं तू?

अब्बांचं नाव सांगितलं की झालं. जन्मभर ऐकलेलं. ओठांवर येत नाही. लिहून बघतो. मी गनी, वडलांचं नाव —